चार पायऱ्या आणि एक चढ

घमापूरला दवाखाना काढला तेव्हा जोतं मीच उंच करायला लावलं. नालीचं पाणी आत येऊ नये हे एक कारण. खरं कारण वेगळं होतं. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. माझ्या दवाखान्याकडे लोकांनी मान वर करून पाहावं असं वाटायचं. चार पायऱ्या झाल्या.

मागच्या गल्लीतल्या मावशींचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं गेलेले. हातानं चालवायच्या तीनचाकीवरून त्या शिवलेले ब्लाउज घरोघर पोचवायच्या. शुगर वाढली, पायाच्या अंगठ्याला जखम झाली. मी खाली उतरून रस्त्यातच पट्टी बदलायची. येणारेजाणारे थांबून पाहायचे. तिसऱ्या खेपेनंतर मावशी आल्याच नाहीत.

माझं कशात मन लागेना. कुणाचं बीपी घेतानाही डोळे दाराकडे. आठव्या दिवशी त्यांच्या घरी गेले.

"काहून आली? पट्टी मी करून राहिली ना घरीच."

"दाखवा बरं."

"नाही. भर सडकेवर पाय उघडा टाकून बसा, अन् भैयालोकांनी पाहा. नाही जमत, बेटा."

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते फॅक्टरीतून फिटर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी दोन दिवसांत लोखंडी उतार वेल्ड करून पायऱ्यांवर बसवला. "आमच्या वर्कशॉपमध्ये मालाची ट्रॉली याच चढानं चढे," म्हणाले.

मावशी आल्या. अर्ध्यावर हात थांबले, गाडी मागे सरकू लागली. बाबांनी ती मागून धरली. "दोघांनी ढकललं की झालं. फॅक्टरीत असंच करायचो आम्ही."

"मी माल आहो काय, भाऊ?" मावशी म्हणाल्या. खाली आल्या, गाडी वळवली आणि गेल्या.

मी बाबांवर चिडले, मग स्वतःवर. आम्ही दोघांनीही मावशींना आधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबा फळी घेऊन त्यांच्या अंगणात गेले. मावशी चढून पाहायच्या, बाबा फळीखालची वीट काढायचे. मावशींना एकटीनं जमला तो चढ दवाखान्यापुढे आखला, तर इतका लांब निघाला की भिंतीला धरून पार कोपऱ्यापर्यंत गेला. चारही पायऱ्या आड येत होत्या.

"तोडू?" बाबांनी विचारलं.

मी हो म्हटलं. पहिला घण पडला तशी आत निघून गेले.

नव्या चढावरून मावशी एकट्या वर आल्या. मी दार लावून पट्टी सोडली. अंगठा काळा पडला होता. इतके दिवस वाया गेले होते, आता एकही घालवायचा नव्हता. मी मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहायला घेतली.

"तिथं पायऱ्या किती?" मावशींनी विचारलं.

त्या हॉस्पिटलात मी वर्षभर शिकाऊ डॉक्टर होते. दिवसातून वीसदा चढले-उतरले असेन. पायऱ्या कधी मोजल्या नव्हत्या.

"चला," म्हटलं, "मी येते सोबत."