चार सऱ्यांचा पुरावा

मला एका जागी बसवत नाही. राजारामपुरीत मी राहते त्या खोलीच्या खाली क्लास आहे. तिथली पोरं तास-तास मान खाली घालून बसतात आणि मी वर खुर्चीवरून खिडकीशी, खिडकीवरून गॅसपाशी, तिथून पुन्हा खुर्चीत. ते दोन उन्हाळे तर हे फारच वाढलं होतं, कारण मला एका मॉडेलला खोटं पाडायचं होतं.

मॉडेल म्हणजे संगणकातलं एक लांबलचक गणित. जमिनीत ओल किती, हवा किती तापलीय, ऊन किती पडलंय हे त्याला सांगितलं की तिथली झाडं किती प्रकाशसंश्लेषण करत असतील हे ते सांगतं. हवामानाचे मोठमोठे अंदाज अशा गणितांवर उभे असतात. ते गणित कितपत खरं बोलतं, हे शेतात जाऊन तपासणं हा माझ्या पीएचडीचा विषय. उसाबद्दल मॉडेलचं म्हणणं असं, की एप्रिल-मेमध्ये पाण्याची पाळी लांबली की भर दुपारी ऊस पानांची रंध्रं मिटून घेतो आणि काम जवळजवळ थांबवतो. माझं पानाला चिमट्यासारखं लावायचं यंत्र मात्र सांगत होतं, की ऊस दुपारीही झपाट्यानं चाललाय. ज्यांनी हे मॉडेल लिहिलं त्यांनी आमचा ऊस पाहिलाय कुठे, असं मी सरांना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, तावातावानं सुनावायचे. शोधनिबंधही तसाच लिहून एका नियतकालिकाला पाठवून दिला होता.

शेत कबनूर गावाच्या पलीकडे, साठीच्या एका काकांचं. बांधालगतच्या चार सऱ्या, म्हणजे उसाच्या चार ओळी, त्यांनी मला मापायला दिल्या होत्या. ऊस डोक्याच्या वर गेलेला, त्यामुळे स्टुलावर चढून वरची पानं गाठावी लागत. पाणी कधी दिलं ते मी त्यांच्या घरातल्या कॅलेंडरवरून उतरवून घ्यायचे, कारण पाळी आली की ते त्या तारखेला गोल करत. जमिनीची ओल मोजायचं आमचं उपकरण बिघडून पडलं होतं आणि मला थांबायला वेळ नव्हता. स्टुलावरून पलीकडच्या सऱ्यांमधली गुंडाळलेली पानं दिसायची. तिकडे जमीन हलकी, पाणी न धरणारी असेल, असं मी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

यंत्र आम्हा तिघाचौघा विद्यार्थ्यांत एकच, ते कुणाला कधी मिळणार हे आधी ठरायचं. त्यामुळे जायच्या दोन दिवस आधी मी काकांना न चुकता फोन करायचे. दुसऱ्या उन्हाळ्यात, मेमध्ये, एकाचं काम रद्द झालं, यंत्र अचानक मोकळं मिळालं, आणि मी फोनबिन न करता एसटी पकडली.

पोचले तर माझ्या चारही सऱ्या माना टाकून उभ्या. काका गोठ्यातून लगबगीनं आले. मला पाहून त्यांचा चेहराच उतरला. "फोन तरी करायचा की," ते म्हणाले. मी विचारलं, फोनचा काय संबंध? तर म्हणाले, "पावणं मापं घ्यायला येणार आणि आमचा ऊस असा उभा ऱ्हायचा व्हय? तुमचा फोन आला की तेवढ्या चार सऱ्यांत हिरीतलं पाणी सोडतो. आज कळलंच न्हाय."

कॅलेंडरवर का नाही लिहिलं, हे विचारण्यात अर्थ नव्हता. घरी कुणी येणार म्हणून अंगण झाडलं तर ते कुणी तारखेवर गोल करून ठेवतं का? दोन उन्हाळे हा माणूस विहिरीत उरलेलं थोडंसं पाणी, बाकीचा ऊस करपत असताना, माझ्यासमोर लाज राहावी म्हणून या चार सऱ्यांना देत होता. मला त्यांचा राग आला. त्यांचा राग आल्याची लाज वाटली. मग राग माझ्यावर वळला आणि तिथंच राहिला. मी यंत्र लावलं. बारा वाजता आकडे घसरले, दोनपर्यंत पार तळाला गेले, मॉडेलनं सांगितलं होतं अगदी तसे.

बांधावरून येरझाऱ्या घालतच मी सरांना फोन केला. सर शांत माणूस. ते म्हणाले, 'भरपूर पाणी मिळालेला ऊस' एवढे शब्द घातले तर निबंध तरून जाईल. परतीच्या एसटीत माझं मन त्या शब्दांशी झोंबत राहिलं. शब्द खरे होते. पण माझा सगळा दावा कोरड्या उसाबद्दल होता, आणि कोरडा ऊस मी त्या दिवसापर्यंत मापलाच नव्हता. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी निबंध मागे घेतला.

म्हणजे आणखी एक उन्हाळा लागणार होता. पुढच्या एप्रिलमध्ये मी काकांना हात जोडून सांगितलं, की पाळी येईपर्यंत या सऱ्यांना थेंबभरही पाणी सोडू नका. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, "म्हंजे वाळल्यालाच बघायचा?" मी हो म्हटलं. शेवटी ते बरं म्हणाले.

त्यांनी शब्द पाळला. मेमध्ये सलग तीन दिवस मी मापं घेतली. पानांच्या सुरळ्या झालेल्या, यंत्रात धरायला उलगडाव्या लागत होत्या. एरवी शेजारी उभं राहून सतरा प्रश्न विचारणारे काका त्या तिन्ही दुपारी बांधाच्या टोकाला, माझ्याकडे आणि उसाकडे पाठ करून बसले. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं मोटरसायकल थांबवून, पाणी नाही का ओ उसाला, असं विचारलं, तेव्हाही ते वळले नाहीत. माझे आकडे मॉडेलशी जुळत चालले होते, आणि मला काकांकडे बघायचा धीर होत नव्हता.