पहिला जोर

माझा नवरा सोलापूरचा. समुद्र त्याने पहिल्यांदा पाहिला तो मालवणजवळच्या आमच्या गावी मला बघायला आला तेव्हा, आणि तेव्हाही त्याने पायातले बूट काढले नाहीत. अशा माणसाने दुबईत सेकंडहँड होडी विकत घेतली. त्याच्या ऑफिसातला एक जण कायमचा देश सोडून चालला होता, त्याची. मी विचारलं, "तुला पोहता तरी येतं का?" तर म्हणतो, "लायसन्स काढलंय, लाइफ जॅकेट आहे. अजून काय लागतं?"

होडी कुणासाठी घेतली ते मला ठाऊक होतं. माझे वडील व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे यायचे होते. ते तांडेल, म्हणजे मासेमारीच्या होडीवर ज्याचा शब्द चालतो तो माणूस. गुडघे गेले, होडी विकावी लागली आणि त्यानंतर ते पाण्यात उतरलेच नाहीत. संध्याकाळी समुद्राकडे पाठ करून ओटीवर बसतात, असं आई फोनवर सांगायची. त्यांना पुन्हा एकदा समुद्रावर न्यायचं, एवढंच नवऱ्याच्या मनात होतं. म्हणून मी त्याला ती होडी माफ केली.

वडील आले. दुबईच्या करामा भागातल्या आमच्या घरी सोफ्यावर बसून त्यांनी होडीचे फोटो निरखून पाहिले. "बरी आसा," म्हणाले. मग फोन परत देत म्हणाले, "पण माका सामान म्हणान होडयेत बसूचा नाय. तुमी जावा, मी काठार बसतलंय."

आमच्याकडे होडी पाण्यात घालताना तांडेल समुद्राला नारळ देतो. मी म्हटलं, "बाबा, नारळ तरी तुम्ही द्याल ना?"

"होडी जावयाची. नारळ जावयान देवचो."

खलास. मला फार लागलं ते. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

मग प्रश्न आला होडी ओढायची कशाने. घरात गाड्या दोन. एक नवऱ्याची नवी चकचकीत गाडी, तिला तो लेकरासारखा पुसतो. दुसरा माझा जुना डिझेल पिकप. अल क्वोजमध्ये माझं केटरिंगचं किचन आहे, तिथून डबे आणि मोठे टोप पोचवायला घेतलेला. त्याला कायम फोडणीचा वास येतो.

"माझी गाडी नेऊ," नवरा म्हणाला. "तिच्यात घोडे किती आहेत बघ!"

इंजिनियरिंग शिकणारी आमची लेक जेवता जेवता म्हणाली, "बाबा, हॉर्सपॉवर इज हाऊ फास्ट यू गो. फॉर टोइंग यू नीड टॉर्क, पुलिंग पॉवर. ॲट लो स्पीड. आणि तुझी गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे."

मला ते लगेच पटलं. पुरणाचा मोठा टोप ढवळायला चपळ हात कामाचा नसतो. डाव पहिल्यांदा हलवायलाच खरी ताकद लागते, एकदा पुरण फिरायला लागलं की कुणीही ढवळावं. माझा पिकप तसा आहे. पळत नाही, पण भरल्या टोपांसकट चढावर उभा केला तरी इंजिन न ओरडता निघतो. शिवाय फोर बाय फोर. नवऱ्याच्या गाडीला जोर येतो तो पळायला लागल्यावर. आणि होडी ट्रेलरसकट तिला झेपायची म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

हे सगळं नवऱ्याला कळत होतं. पण सासरेबुवांना डब्यांच्या पिकपमधून न्यायचं? जावयाचा मान म्हणून काही असतो. "शोभतं का ते?" म्हणाला. पुढे वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी सरळ अल क्वोजच्या गॅरेजमध्ये जाऊन पिकपलाही ट्रेलर ओढायचा हुक लावून घेतला.

शुक्रवारी निघालो. पुढे मानाची गाडी, तिच्यात सासरे-जावई, मागे होडी. त्यांच्या मागे पिकपमध्ये मी, लेक आणि जेवण. उम्म अल क्वैनच्या बाजूला वाळूचा एक शांत किनारा आहे. डांबरी रस्त्यावर गाडी झोकात गेली. पाणी दिसायला लागलं आणि मऊ वाळूत पुढची चाकं गरागरा फिरून रुतली. नवऱ्याने आणखी ॲक्सिलरेटर दाबला, ती आणखी खाली गेली. वडील दार उघडून उतरले आणि चाकांकडे न बघता बाजूला उभे राहिले. जावयाचा मान ठेवला त्यांनी.

लेकीने ट्रेलर सोडवला, टायरमधली हवा कमी केली, आणि मोकळी झालेली गाडी आम्ही ढकलून बाहेर काढली. मग मी पिकप मागे घेतला. हुक बघून नवरा माझ्याकडे बघतच राहिला. "तू कधी..."

"ढकल आता," मी म्हटलं.

लेकीने ट्रेलर पिकपला जोडला. त्याची चाकंही वाळूत बसली होती. मी पहिला गिअर टाकला, तेवढ्यात आरशात वडील दिसले. चपला काढून, लेंगा गुडघ्यापर्यंत खोचून ते होडीच्या कडेला आले होते. नवऱ्याला म्हणाले, "उगाच ढकलू नुको. मी सांगतंय तेवाच. पयलो जोर सगळ्यांचो एकदम लागूक होयो." शेजारी मासे भाजत बसलेले दोघेजण "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, करत धावत आले. आणि वडिलांनी हाळी दिली. लहानपणी पहाटे अंथरुणात ऐकायची तीच, होडी ओढायची, लांबलचक. तिच्या शेवटावर मी क्लच सोडला. इंजिन खालच्या आवाजात घुमलं आणि ट्रेलर हलला.

आवाज ओळखीचा होता तरी मला विश्वास बसेना. मी आनंदाने रडत होते आणि पिकप चालवत होते. दोन्ही बरं जमलं.

पाण्याशी आल्यावर वळून, लेकीच्या इशाऱ्यांवर पिकप मागे घेत मी ट्रेलर हळूहळू पाण्यात घातला. होडी तरंगली. कुणीतरी दोर धरायला हवा होता, तो वडिलांनी धरला. मांडीपर्यंत पाण्यात उभे होते, आणि तोंडावर गुडघ्यांचं दुखणं कुठेच नव्हतं. नवरा लाइफ जॅकेट घालून कसाबसा चढला आणि इंजिनाकडे निघाला.

"जावयबापू," वडील म्हणाले, "तुमी फुडे बसा."

आपल्याच होडीत तो मुकाट्याने पुढे जाऊन सामानासारखा बसला. इतका खूश मी त्याला फार कमी वेळा पाहिलाय.

मी पिकप वर लावला तेव्हा वडिलांनी मागे वळून मला हाक मारली.

"गो, नारळ खंय आसा?"

नारळ मानाच्या गाडीत राहिला होता. मी चपला तिथेच टाकून धावत सुटले.