वस्तीवरची कुत्री

आमच्या वस्तीवरचं दूध न्यायला येणारा माणूस गाडीवरून कधी उतरत नाही. सडकेवर थांबून हॉर्न देतो, मी उसातल्या पायवाटेनं किटली नेते. दूध मापताना त्याची नजर आमच्या कुत्र्यांवर असते.

“उसात बिबट्याची पिल्लं लई झाली, वहिनी. कुत्री किती दिवस पुरायची?”

दिवाळीला पाच होती, परवा एकच उरलं होतं.

काल हॉर्न वाजला, पण कुणी भुंकलं नाही. मी किटली उचलली, तेवढ्यात तोच कॅनचं झाकण बडवत, घामाघूम होऊन दारात आला.

“उद्यापास्नं तुमी बाहेर यायचं न्हाई. आता गाडी चालू होईस्तोवर ताट वाजवा.”

मी वाजवत राहिले. गाडीचा आवाज येईना.