धार लावलेला कोयता

तिसगावच्या मनकर्णाबाईंनी बावीस वर्षं ऊस तोडला, आणि एके दिवशी कोयता शेडच्या भिंतीला टांगला तो टांगलाच. आता त्या कपाशीच्या पळाट्यांपासून, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या झाडांपासून, पांढरा कोळसा करतात. नावालाच पांढरा, रंग मातीचा. पळाट्यांचा भुसा मशीनमध्ये दाबून काढलेल्या या जाडजूड कांड्या दूध डेअरीच्या बॉयलरमध्ये जळतात. "जाळायचीच तर पळाटी जाळावी, जीव कशाला?" असं त्या म्हणतात.

यंदा दिवाळी सरली आणि नेवाशाच्या रस्त्याला याच कोळशाचा मोठा प्लांट उभा राहिला. प्लांटचा माणूस पॉल, राहणार शहरातल्या सावेडीत, बोलायला गुळासारखा. गावोगाव फिरून त्यानं पळाट्यांना मनकर्णाबाईंच्या दीडपट भाव सांगितला. शेजारच्या रामहरीअण्णांनीसुद्धा मान डोलावली. माल नाही तर मशीन बंद, आणि मशीन बंद म्हणजे पन्नाशीत पुन्हा उसाच्या फडात. नवरा श्रीमंत, तोही नावालाच, त्यानं कोयता काढला, घासला, धार लावली आणि परत टांगला.

"कशाला वो?"

"असू दे हाताशी."

मनकर्णाबाईंना रडू कोसळलं. पण रडून का पळाट्या येतात? पदर खोचून त्या निघाल्या रामहरीअण्णांच्या रानाकडं, चार शब्द सुनवायला.

बघतात तर काय, निम्मा डिसेंबर सरला तरी पळाट्या रानात ताठ उभ्या, आणि अण्णा बांधावर गालाला हात लावून बसलेले.

"आन्ना, भाव तर लई मिळाला म्हनं. मग माल अजून रानातच?"

"उपटतंय कोन, बाई? पोरगा-सून ऊस तोडाया गेलेत. प्लांटवाला म्हनतो, उपटा, वाळवा, सडकंला आनून टाका, मग भाव."

मनकर्णाबाईंना हसूच फुटलं. अर्धं गाव कारखान्याला जातं आणि मागं राहतात म्हातारी माणसं नि शेरडं, हे सावेडीत बसून कुणाला कळणार? दीडपट काय, दसपट भाव दिला तरी शेरडं काही पळाट्या उपटत नाहीत.

"मी उपटून न्हेते, आन्ना. भाव माझा जुनाच. पन चार दिसांत रान नांगराया मोकळं."

"व्हय?"

"व्हय तर."

गल्लीत मागं राहिलेल्या आठ बायांची त्यांनी टोळी केली. रीत ऊसतोडीचीच: दोघींची जोडी, एकीनं लोखंडी चिमट्यानं उपटायचं, दुसरीनं मोळी बांधायची. संक्रांतीपर्यंत अकरा रानं मोकळी झाली. बाराव्या रानाचा मालक तर आपणहून शेडवर आला.

संक्रांतीला पॉलही आला, नेवाशाचे दोन ऊस घेऊन. भला माणूस, राग म्हणून नाही.

"मावशी, साहेबांनी विचारलंय, तुमची स्ट्रॅटेजी काय?"

मनकर्णाबाईंनी त्याच्या हातात चिमटा दिला. शेडमागं पाच-सहा पळाट्या उभ्या होत्या. तिसरी उपटून पॉल तळहातांवर फुंकर घालत खाली बसला.

"हेच सांगा सायबाला," त्या म्हणाल्या आणि भिंतीवरचा कोयता काढला. श्रीमंत चटकन उठून उभा राहिला. बाईंनी एका घावात उसाचा तुकडा पाडून पॉलला दिला, दुसरा नवऱ्याला, आणि कोयता पदरानं पुसून खिळ्याला अडकवला.

त्या साली त्या कोयत्यानं तेवढाच ऊस तोडला.