खिडकीतली शेवटची कुंडी

आठ कुंड्यांपैकी शेवटची वाळत नव्हती, आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं.

२००६ सालचा डिसेंबर होता. शिकागोजवळच्या एका विद्यापीठात मी सोयाबीनवर संशोधन करत होते. माती कोरडी पडली की झाडात एक हार्मोन तयार होतं आणि पानांना निरोप जातो, पाणी जपा. मग पानांवरची बारीक छिद्रं मिटतात आणि झाड तग धरतं. पण पेशीत हा निरोप नेमकं कोण ऐकतं, हे तेव्हा कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. त्याच्या मागे हात धुऊन लागलेल्यांपैकी मी एक. निरोप चटकन ऐकणारं वाण सापडलं, तर दुष्काळात पीक उभं राहणार होतं. माझा व्हिसाही त्याच्यावरच उभा होता, कारण आमचं अनुदान संपत आलं होतं.

नाताळात इमारत बंद राहणार म्हणून मी आठ वाणांची वीतभर रोपं शॉमबर्ग उपनगरातल्या माझ्या घरी आणली आणि खिडकीत दिव्याखाली मांडली. नागपूरहून आई सहा महिन्यांसाठी आली होती. तिला बजावलं, "यांना पाणी घालायचं नाही. थेंबभरसुद्धा नाही."

"जिवंत झाडं तहानेनं मारायची, आणि त्याला म्हणायचं शिक्षण," आई म्हणाली.

रोज संध्याकाळी मी कुंड्यांचं वजन करून वहीत लिहायचे. पाणी उडतं तसं वजन घटतं. सात कुंड्या भराभर हलक्या झाल्या, रोपांनी माना टाकल्या. शेवटचीचं वजन मात्र जेमतेम घटायचं. म्हणजे हिची छिद्रं वेळेवर मिटत होती! सातही मेली तेव्हा ती हिरवीगार होती. मी स्वभावाने संशयी. फुकट मिळालेल्या मिठाईचाही आधी वास घेते. या वेळी तेवढा घेतला नाही.

माझ्या प्रोफेसरांनी आकडे बघून विभागभर सांगितलं, परिषदेला गोषवारा पाठवला आणि त्याच वाणाचा प्रयोग पुन्हा लावला. शेवटची कुंडी बी धरायला माझ्याकडेच राहिली.

जानेवारीतल्या एका शनिवारी मला लवकर जाग आली. आई अंघोळ करून खिडकीपाशी उभी होती. ओठ पुटपुटत होते. तिने तांब्यातून पळीभर पाणी घेतलं आणि त्या कुंडीत सोडलं.

"आई! काय करतेस?"

"अगं, पाणी कुठे घालतेय? इथे तुळस नाही, म्हणून हिलाच तुळस मानली. रोज एक पळी. त्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही माझ्या."

मी पळी तिच्या हातातून घेतली, भरली आणि तराजूवर पाणी तोललं. माझ्या वहीत रोज जेवढी घट कमी पडत होती, नेमकं तेवढंच.

"माझं काही चुकलं का गं?"

"नाही," मी म्हटलं.

मिटलेली छिद्रं आणि पळीभर पाणी, तराजूला दोन्ही सारखीच. मी बोलले नसते तर कुणाला कळलं असतं? दहा दिवस मी गप्प राहिले. लाज वाटते, पण राहिले. तिकडे प्रयोगशाळेतली नवी रोपं एकेक करून मान टाकू लागली. "थांब, सावरतील," प्रोफेसर इतक्या विश्वासाने म्हणायचे की मला त्यांच्याकडे बघवेना. अकराव्या दिवशी त्यांना सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझी वही मागून घेतली, मिटली आणि स्वतःच्या खणात ठेवली.

गोषवारा मागे घेतला गेला. अनुदान वाढलं नाही. जूनच्या आत मला देश सोडायचा होता.

आई तोवर नागपूरला परतली होती. रविवारी फोनवर तिला एवढंच सांगितलं, की मी परत येतेय, कायमची. पलीकडून हुंदक्यासारखा आवाज आला. मला वाटलं, रडतेय.

"पावली गं, पावली!" ती म्हणाली. आवाजात हसू मावत नव्हतं. "त्या खिडकीपाशी रोज दुसरं काय मागत होते मी? माझी लेक परत येऊ दे, एवढंच."