जुपून पाहिल्याशिवाय लॅपटॉप नाही

अकोल्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत धर्मपाल तायडेंचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. तिथे लॅपटॉप घ्यायला जाणाऱ्याला ते आधी कामाला बसवतात. फोटोवाल्याने लग्नाचे फोटो आणायचे, शिक्षकाने निकालाचे तक्ते, आणि दुकानातल्या मशीनवर तासभर आपलं रोजचंच काम करून पाहायचं. कुणी म्हणालं, "काका, घाई आहे, द्या एखादा चांगला," तर ते समोरच्या दुकानाकडे बोट दाखवतात. "यायच्या दुकानात गिऱ्हाईक कमी अन् परीक्षा जास्त," असं त्यांच्या पत्नी भागीरथाकाकू म्हणतात.

ही सवय वडिलांकडून आली. वडील बैलबाजारात जनावरांच्या व्यापाऱ्यांकडे रोजंदारीवर होते. बैल गाडीला जुपून, चालवून दाखवायचा, हे त्यांचं काम. शिंगं आणि रंग पाहून बैल नेणारे पुढच्या बाजाराला भांडायला यायचे, जुपून पाहणारे यायचे नाहीत. लहानपणी काकांनी हे पुष्कळदा पाहिलेलं. पुढे ते टीव्ही दुरुस्त करायला लागले, आणि कॉम्प्युटर आले तेव्हा बंद पडलेली मशीन उघडून उघडून शिकले. आता साठी जवळ आली आहे. पदवी कुठलीही नाही.

मी इंजिनिअरिंगची पदवीवाली. त्यामुळे पहिल्या भेटीत आमचं जमलं नाही.

माझी साधनामावशी अंजनगाव सुर्जीला राहते. गावांचे जुने नकाशे स्कॅन करून तिच्याकडे येतात. त्यावरची प्रत्येक शेताची हद्द माउसने गिरवून ती कॉम्प्युटरात घेते. सात वर्षांपासून ती हे काम घरूनच करते. ती बसते तो घरातला कोपरा म्हणजे 'साधनाचं ऑफिस'. मागच्या वर्षी तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काम करा, पण पडद्याला नाक लावून बसू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. पंधरा इंची लॅपटॉपवर नाक लावल्याशिवाय फिकट रेघा दिसत नव्हत्या. दोन नकाशे चुका निघून परत आले. काम देणाऱ्या माणसाने मग एकच नकाशा पाठवला, दोनशे बारा शेतांचा, बुधवारपर्यंत द्यायचा. हाही परत आला तर काम बंद.

मावशीने बत्तीस इंची फोरके मॉनिटर घ्यायचं ठरवलं, आणि जुन्या लॅपटॉपला तो पेलणार नव्हता म्हणून लॅपटॉपही. कोणता, ते मी ठरवलं होतं. पडदा मोठा, ठिपके चौपट, म्हणजे ग्राफिक्सची मेमरीही भरपूर पाहिजे. शनिवारी मी अमरावतीहून आणि मावशी अंजनगावहून, अशा आम्ही दोघी काकांच्या दुकानात पोचलो.

"आठ जीबी ग्राफिक्सवाला दाखवा," मी म्हणाले.

"काहून?"

"मॉनिटर बत्तीस इंची आहे. फोरके."

"पडदा मोठा म्हून मेमरी मोठी?" त्यांनी मावशीकडे पाहिलं. "ताई, गेम खेळता का तुमी?"

"मी कायले खेळू बाप्पा," मावशी म्हणाली. "मी नकाशे गिरवतो."

"नकाशा आनला?"

मावशीने पर्समधून पेनड्राइव्ह काढला. काकांनी बिलबुकाच्या पाठीवर आकडे मांडले. आडवे ठिपके गुणिले उभे ठिपके, म्हणजे जवळपास त्र्याऐंशी लाख. एका ठिपक्याला चार बाइट.

"तेहतीस एमबी," ते म्हणाले. "एवढ्यात एक पडदा भरते. असे बारा पडदे धरले तरी अर्धा जीबी होत नाई."

"पण नकाशाच्या सॉफ्टवेअरला लागेल ना."

"मंग जुपून पाहू."

त्यांनी एक साधा लॅपटॉप काढला. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, आठ-आठ जीबीच्या रॅमच्या दोन पट्ट्या. पडदा दाखवायला लागणारी मेमरी तो त्या रॅममधूनच घेतो. मोठा मॉनिटर जोडून मावशीला समोर बसवलं. पहिली दहा मिनिटं ती अवघडून बसली होती. मग हात चालायला लागला. पडद्यापासून दोन फूट लांब, पाठ ताठ. ऑपरेशननंतर मी तिला तसं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"हा धुरा मले दिसलाच नव्हता," ती एका फिकट रेघेवर माउस नेत म्हणाली. दोन शेतांमधला बांध होता तो. एवढ्याशा रेघेवरून आमच्याकडे भाऊ भावाशी बोलायचे बंद होतात.

काकांनी मशीनच्या वापराचे आकडे उघडले. ग्राफिक्ससाठी एक जीबीसुद्धा लागत नव्हता. साधी मेमरी मात्र स्कॅन केलेला नकाशा उघडताच अकरा जीबीपर्यंत चढली होती.

"पाह्य इंजिनिअरबाई, बैल इथं ओढून राहिला. तुह्या आठ जीबीवाल्याले या कामाले जुपलं अस्तं, त थो उभा राहून कडबा खात राह्यला अस्ता."

मावशी हसली. मी हसले नाही. काकांनी ते पाहिलं असावं. ते म्हणाले, "उद्या यायनं ड्रोनचे थ्रीडी नकाशे घेतले त तुहं खरं. तवा ये, मीच देईन."

साधा लॅपटॉप घेऊन आम्ही निघालो.

रविवारी दुपारी मावशीचा फोन आला. "माउस मागं मागं येऊन राहिला व. कोपऱ्यावर थांबतो त रेघ पुढं जाते. डोळा दुखून राहिला." तोवर चाळीस शेतं झाली होती आणि त्यातली निम्मी तिरपी.

मी लगेच काकांना फोन लावला. ग्राफिक्स कमी पडतंय, मी म्हटलंच होतं, असं बरंच बोलले. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं होतं. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "वायर कोनती लावली?"

मला माहीत नव्हतं. मावशीने त्यानंतर फोन उचलला नाही, ती डोळ्यात थेंब टाकून झोपली होती.

सोमवारी रजा टाकून मी अंजनगावला गेले, लॅपटॉप परत न्यायला. घरात शिरले तर शिलाई मशीनमागे धर्मपालकाका उकिडवे बसलेले. दुकान बंद ठेवून, बिलावरच्या पत्त्यावरून ते पहिल्या बसने आले होते.

घरात चांगला उजेड खिडकीपाशीच, म्हणून मॉनिटर तिथल्या शिलाई मशीनवर ठेवला होता. प्लग समोरच्या भिंतीवर, म्हणून लॅपटॉप तिकडे. काकांनी दिलेली वायर मधल्या अंतराला पुरली नाही. तेव्हा मावशीच्या यजमानांनी, मावसाजींनी, जुन्या डिशच्या डब्याची लांब वायर काढून लावली. चित्र दिसलं, म्हणून कुणी पुढे विचार केला नाही. पण त्या जुन्या वायरीतून एवढं मोठं चित्र सेकंदाला तीसदाच जात होतं. काकांनी सेटिंग उघडून आकडा दाखवला. मग पिशवीतून तीन मीटरची नवी वायर काढली, जोडली, आणि तिसाचे साठ केले. मावशीने माउस हलवला. बाण हाताबरोबर गेला.

"वायर त मीच लावली होती," मावसाजी खाली मान घालून म्हणाले.

"तुमची काय चूक? मी तुमाले इचारलंच नाई, टेबल कुठं, प्लग कुठं," काका म्हणाले. "मी बैल पाह्यला, गोठा नाई पाह्यला."

मी कालच्या फोनबद्दल माफी मागायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "तू फोन केला म्हून कळलं. ताई त केला नस्ता. डोळ्यालेच दोष देत बसल्या अस्त्या."

ते खरं होतं. मावशी आदल्या दिवशी मावसाजींना म्हणाली होती, की आता ऑफिस बंदच करावं.

काका लगेच निघाले नाहीत. चुकलेली वीस शेतं मावशीने परत गिरवेपर्यंत ते मागे खुर्ची टाकून बसले. दोनची बस गेली. भाकर आणि मिरचीचा ठेचा खाल्ला, वायरीचे पैसे घेतले नाहीत आणि चारच्या बसने गेले.

बुधवारी संध्याकाळी नकाशा पाठवला. शुक्रवारी उत्तर आलं. परत आला नाही. उत्तराबरोबर आणखी अकरा गावांचे नकाशे आले होते.

तेव्हापासून काकांच्या दुकानात परीक्षेचा एक पेपर वाढला आहे. गिऱ्हाइकाने काम करून दाखवलं, की ते बिलबुकाची पाठ पुढे करतात. त्यावर घरातली खोली काढायची, टेबल कुठे आणि प्लग कुठे ते दाखवायचं.

मागच्या महिन्यात मी स्वतःसाठी मॉनिटर घ्यायला गेले. खोलीचा नकाशा घरूनच काढून नेला होता, सगळी अंतरं फुटांत मोजून. काकांनी चष्मा लावून तो नीट पाहिला.

"खिडकी कोन्या बाजूनं हाये?" त्यांनी विचारलं.

ती काढायची राहिली होती.