दोरीचं उत्तर

आमच्या यार्डात तेलाच्या जुन्या टाक्या घासून पुन्हा रंगवायचं काम चाले. मी रंगारी. माझी पाळी सगळ्यात शेवटी, त्यामुळे वाट बघणं हाही माझ्या कामाचाच भाग होता. वाट बघताना मी ज्याच्याकडे सगळ्यात जास्त बघितलं, तो माणूस म्हणजे हवालदार.

हा हवालदार पोलिसातला नव्हे. टाकीच्या आत ब्लास्टिंग करणाऱ्याला श्वासाची हवा पुरवायची, हे त्याचं काम. म्हणून कुणीतरी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

ब्लास्टिंग ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दाबाच्या हवेने धारदार काळी कणी नळीतून पत्र्यावर मारायची. जुना रंग आणि गंज उडतो, पत्रा पांढरा पडतो. टाकीच्या आत इतकी धूळ होते की स्वतःचा हात दिसत नाही, आणि ती धूळ एकदा छातीत बसली की निघत नाही. तोंडाला फडकं बांधून हे काम करणारे मी पाहिलेत. त्यांच्यातले म्हातारे झालेले पाहिले नाहीत.

म्हणून आतल्या माणसाला छातीपर्यंत झाकणारं हेल्मेट, आणि त्यात बाहेरच्या पंपावरून नळीने येणारी स्वच्छ हवा. नळीच्या टोकाचं नोझल धरायला अंगात जोर लागतो. नळी सतत मागे ढकलते, तो धक्का मांडीवर आणि पोटावर पेलत दिवसभर उभं राहायचं. नोझलची मूठ दाबून धरली तर कणी सुटते, सोडली तर थांबते. एवढं सगळं त्या माणसाच्या हातात. श्वास मात्र बाहेरच्याच्या हातात.

आवाज असा की ओरडून उपयोग नाही. म्हणून ब्लास्टरच्या पट्ट्याला एक दोरी बांधलेली असे आणि तिचं दुसरं टोक हवालदाराच्या डाव्या हातात. बाहेरून एक हिसका म्हणजे "ठीक ना?" आतून एक हिसका म्हणजे "ठीक." दोन म्हणजे "थांबव, बाहेर येतोय." हवालदार भाकरतुकडा उजव्या हाताने खाई, घाम उजव्या हाताने पुशी. डावा हात दोरीचा. त्याची बायको म्हणायची, "झोपेतसुद्धा चादर ओढून बघतात. मी पण ओढते उलट. नाहीतर उठवतात."

सकाळी कामाला लागण्याआधी तो हेल्मेट स्वतः घाली आणि पंप सुरू करून त्यात उभा राही. निवांत श्वास घेई. मग काढून आतून पुसे, काचेवरची झिजलेली फिल्म बदले, मानेभोवतीचं कापड कुठे उसवलं नाही ना ते बोटाने चाचपे, नळीवरून कुणाची हातगाडी जात नाही ना ते बघे. पंपाची हवा ओढणारी नळी त्याने एका खांबावर उंच बांधली होती, यार्डातल्या गाड्यांच्या धुरापासून लांब. एवढं झाल्यावर हेल्मेट ब्लास्टरच्या हातात देई.

तो ब्लास्टर म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. हवालदार त्याला दाजी म्हणे, म्हणून आम्हीही सगळे दाजीच म्हणायचो. दाजींनीच त्याला या कामाला लावलं होतं. दाजी यार्डातले सगळ्यात चांगले ब्लास्टर. पत्रा असा काढायचे की त्यावर रंग मारताना माझा हात हलका व्हायचा. आणि तोंडाने तितकेच जड.

दोघांचं बिनसलं ते दोरीवरूनच. एका टाकीत हवालदाराने हिसका दिला, उत्तर आलं नाही. त्याने थेट कणीचा कॉक बंद केला. आत दाजी परांचीच्या एका फळीवरून पाय काढून दुसरीवर ठेवत होते, एवढंच. दाजींनी नोझल पत्र्यावर धाडकन आपटलं, बाहेर आले, हेल्मेट वर केलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मी काय म्हैस आहे? दावं घेऊन बसलायस ते?"

"उत्तर नाही आलं, दाजी."

"पाय ठेवायला जागा बघत होतो! दोन्ही हातात नोझल, उत्तर काय दाताने देऊ?"

लोक हसले. दमट दिवस होता, काम पुन्हा सुरू होईपर्यंत घासलेल्या पत्र्याला तांबूस झाक आली. तो सगळा भाग परत घासावा लागला. मुकादमाने हवालदाराला बाजूला घेऊन सांगितलं, "पुन्हा विनाकारण काम थांबवलंस तर दोरी दुसऱ्याकडे. तू कणी झाडायला जा."

तेव्हापासून दाजी त्याच्याशी बोलेनात. घरंही शेजारी शेजारी. ताई मधल्या मधे भरडली जायची. एकदा मी तिथे चहाला बसलो होतो.

"त्याला सांग, उद्या हेल्मेटची काच बदल म्हणावं," दाजी म्हणाले. हवालदार समोरच बसला होता.

"दाजींना सांग, आजच बदलली," हवालदार म्हणाला.

ताईने कपबशी खाली ठेवली. "मी काय पोस्टमन आहे का? एक हात लांब बसलेत दोघे. बोला की!"

आणि वाईट म्हणजे दाजी दोरीवरही बोलेनासे झाले. मनात आलं तर उत्तर द्यायचं, नाहीतर नाही. हवालदार हिसका देई, वाट बघे, परत देई. कधी दुसऱ्याला उत्तर येई, कधी तिसऱ्याला. कान मात्र तो टाकीकडे लावून बसे. नोझल पत्र्यावरून फिरत असलं की आवाज जातो-येतो, ओट्यावर झाडू फिरवावा तसा. तो आवाज चालू आहे म्हणजे माणूस चालू आहे. त्यावर त्याने दिवस काढले. मी त्याला म्हटलं, "मुकादमाला सांग ना, दाजी उत्तर देत नाहीत म्हणून."

"काय सांगू? माझ्या बहिणीचा नवरा रुसलाय?"

त्या दिवशी उन्हाचा कडाका होता. यार्डात वेल्डरचंही काम चालू होतं, त्याच्या पेट्रोलच्या जनरेटरवर. जनरेटर उन्हात तापून बंद पडायला लागला तेव्हा वेल्डरने तो ढकलत सावलीत नेला. सावली होती ती पंपाच्या पत्र्याच्या आडोशामागे. त्या पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला हवालदाराचा खांब, आणि खांबावर हवा ओढणारी नळी. वेल्डरला ते ठाऊक नव्हतं. हवालदाराला जनरेटर दिसणं शक्य नव्हतं, कारण दोरी सोडून तो उठत नसे. आणि कणी मारणाऱ्या कॉम्प्रेसरच्या घरघरीत आणखी एका इंजिनाची घरघर कुणाला वेगळी ऐकू येणार?

जेवणानंतरचं काम सुरू झालं होतं. मी स्प्रेगनचं तोंड साफ करत बसलो होतो. हवालदाराने हिसका दिला. उत्तर नाही. थोडं थांबून दुसरा. नाही. तिसऱ्याला दोरी जराशी हलली, पण ते उत्तर होतं की नुसती हालचाल, हे त्याला कळेना. त्याने माझ्याकडे बघितलं.

"आवाज ऐक," म्हणाला.

मी ऐकला. कणी पत्र्यावर मारली जात होती. "चालू आहे की."

"फिरत नाहीये."

मग मलाही कळलं. आवाज एकाच जागी खिळला होता. दाजींसारखा माणूस एका जागेवर कणी मारत राहणार नाही, त्याने पत्रा खचतो. की मुद्दामच? हवालदाराला आणखी चिडवायला? तसंही ते करू शकले असते. हवालदाराच्या कपाळावरची शीर फुगलेली मला दिसत होती. समोर मुकादम उभा. आदल्या रात्रीपासून पावसाळी हवेचा अंदाज होता, टाकी संध्याकाळच्या आत प्रायमरखाली जायला हवी होती.

त्याने आणखी एक हिसका दिला. दोरी ताठ झाली आणि ताठच राहिली, आत कुणी वजन टाकून बसल्यासारखी.

हवालदार उठला आणि कॉक बंद केला.

आवाज थांबला तशी यार्डात सगळ्यांनी माना वळवल्या. मुकादम धावत आला. "पुन्हा? पुन्हा तेच?"

"उत्तर नाही."

"अरे तो तुझ्यावर रुसलाय! सगळ्या यार्डाला माहितीये!"

"रुसलेला माणूस कणी बंद केली की नोझल आपटतो," हवालदार म्हणाला. "मागच्या वेळी आपटलं होतं. आत्ता आपटलेलं ऐकलंत?"

आम्ही सगळे टाकीकडे कान लावून उभे राहिलो. एक शिवी ऐकू यावी म्हणून मी मनातल्या मनात विनवणी करत होतो. आतून काहीच आलं नाही.

पुढचं हवालदाराने ज्या क्रमाने केलं, तो क्रम मला अजून आठवतो. तो टाकीत उतरायच्या मॅनहोलकडे धावला नाही. पंपाशेजारी भरलेल्या हवेच्या बाटल्या उभ्या असत, पंप दगा देईल तेव्हासाठी. त्याने चावी फिरवून दाजींच्या हेल्मेटची नळी बाटल्यांवर घेतली. आधी हवा. मग त्याने वळून बघितलं, तर पत्र्याच्या वरच्या कडेवरून निळसर धूर तरंगत नळीच्या तोंडाकडे चालला होता.

"मागे काय आहे?"

वेल्डर आडोशाच्या कोपऱ्यावर उभा होता. त्याचं तोंड उतरलं. "जनरेटर. सावली होती म्हणून..." त्याने पळत जाऊन जनरेटर बंद केला, आणि परत येऊन तसाच मॅनहोलमध्ये डोकं घालायला लागला. "मी काढतो त्यांना!"

हवालदाराने त्याची कॉलर धरून त्याला मागे खेचलं. वेल्डर त्याच्या दीडपट होता.

"सोड मला!"

"आत धूळ आहे. दिसणार नाही, श्वास घेता येणार नाही. मग मला दोघांना ओढायला लागेल. थांब इथे."

पंपाच्या गाळण्याने धुराचा वास गाळला होता. विषारी वायू गाळला नव्हता, तो तिथे गाळला जातच नाही. त्यामुळे आत दाजींना कसला वास आला नाही. डोकं दुखायला लागलं ते त्यांना उन्हाचं वाटलं असणार.

हवालदाराने दुसरं हेल्मेट घातलं, त्याची नळी बाटल्यांना जोडली, एकदा खोल श्वास घेतला. रोज सकाळी घ्यायचा तसाच. मग दाजींच्या पट्ट्याला बांधलेली दोरी माझ्या हातात दिली. हेल्मेटमधून त्याचा आवाज घुमत आला. "मी दोनदा ओढेन तेव्हा ओढायचं. त्याआधी नाही. आणि मध्ये हिसका दिला तर उत्तर दे."

तो आत गेला. मी दोरी धरून उभा. आयुष्यभर मी रंगाचे डबे उचलले, शिड्या उचलल्या, पण त्या दोरीइतकं जड काही धरलं नाही. मुकादम टोपी हातात घेऊन उभा होता. वेल्डर जमिनीवर बसून राहिला. धूळ मॅनहोलमधून बाहेर लोळत होती. एक हिसका आला. मी उत्तर दिलं. मग बराच वेळ काही नाही. मग नोझल खाली पडल्याचा आवाज.

नंतर त्याने सांगितलं, दाजी गुडघ्यांवर होते. हेल्मेट पत्र्याला टेकलेलं. मूठ दाबलेलीच, बोटं एकेक करून उघडावी लागली.

दोन हिसके आले.

मी, मुकादम आणि वेल्डर, तिघांनी ओढलं. आतून हवालदार ढकलत होता. दाजी अंगाने भरलेला माणूस, आणि अंगावर कातड्याचा सूट. मॅनहोलच्या कडेवर खांदा अडकला तेव्हा वेल्डरने तो असा उचलला की नंतर महिनाभर त्याची कंबर धरली होती. बाहेर आणून हेल्मेट काढलं. चेहरा लालबुंद, डोळे अर्धे उघडे. छाती हलत होती. हवालदाराने बाटलीची नळी त्यांच्या नाकाशी धरली आणि गाडी येईपर्यंत काढली नाही.

दवाखान्यात ताई कॉटच्या पायाशी बसून होती. डॉक्टरांनी सांगितलं, आणखी थोडा वेळ गेला असता तर उपयोग नव्हता. दाजींच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क. डोळे उघडल्यावर त्यांनी ताईला जवळ बोलावलं आणि मास्क बाजूला करून काहीतरी पुटपुटले.

ताईने भावाकडे बघितलं. "विचारतायत, ती जागा खचली का?"

"त्यांना सांग," हवालदार म्हणाला, आणि थांबला. मग कॉटकडे वळला. "खचली, दाजी. पण भोक नाही पडलं."

ती जागा नंतर मी रंगवली. रंगाखाली तळहातभर खळगा बोटाला लागतो. लांबून दिसत नाही.

दाजी बरे झाले, पण डॉक्टरांनी त्यांना टाकीत उतरायला मनाई केली. त्यांनी बरीच आदळआपट केली. शेवटी मुकादमाने नोझल हवालदाराकडे दिलं आणि दोरी दाजींकडे. पहिल्या दिवशी दाजींनी हेल्मेट आधी स्वतः घातलं. इतका वेळ त्यात उभे राहिले की मुकादम म्हणाला, "दाजी, सगळी हवा तुम्हीच घेणार का?" मग आडोशामागे जाऊन बघून आले, आणि काम सुरू व्हायच्या आत परत एकदा जाऊन बघून आले.

हवालदार आत गेला. दाजींनी हिसका दिला. उत्तर आलं. लगेच दुसरा दिला. उत्तर आलं. मग तिसरा. दुपारपर्यंत त्यांनी त्याला इतकं ओढलं की हवालदार दोन हिसके देऊन बाहेरच आला. हेल्मेट वर केलं. तोंडभर घाम.

"दाजी, मी काय म्हैस आहे?"

दाजींनी दोरी हाताला आणखी एक वेढा देऊन धरली.

"आत जा," म्हणाले. "आणि उत्तर देत राहा."